लिफ्ट केलेल्या फोर बाय फोरचे कंट्रोल आर्म बदलायचेत? इंदूरच्या नवीन मंडळींसाठी

गाडी दोन इंच उचलली, मोठे टायर टाकले, फोटो पण झकास आले, आणि आता बायपासला ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात हलकं हलकं लागतंय, सरळ रस्त्यावर पण सारखं सावरावं लागतंय, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपलं आपण परत येत नाही. ज्यांना ज्यांना हे होतंय त्यांच्यासाठी लिहितोय. आपल्याकडे थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर उचलणारे भरपूर झालेत, लिफ्ट किट बसवून देणारे पण झालेत, पण उचलल्यानंतर कंट्रोल आर्मचं, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या वर-खाली हलणाऱ्या हातांचं, काय करायचं हे कुणी धड बसून सांगत नाही, आणि नवीन माणूस मग एकतर काहीच करत नाही किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून सगळ्यात महागडे आर्म घेऊन टाकतो. दोन्ही नको.

माझं म्हणणं एकच आहे, आधी अलाइनमेंटचा कागद, म्हणजे चाकांचे कोन मोजल्याची प्रिंट, हातात घ्या आणि मग पाकीट उघडा. आर्म घ्यायचे की नाही, कोणते घ्यायचे, बसवल्यावर काम बरोबर झालं की नाही, हे बहुतेक तो कागदच सांगतो.

आधी समजून घेऊ बिघडतं काय

दुसऱ्या पिढीची थार, म्हणजे २०२० वाली, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, २०२१ नंतरची गुरखा, या सगळ्यांना पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. प्रत्येक चाकाला एक अप्पर आर्म, एक लोअर आर्म, दोघांच्या टोकाला बॉल जॉइंट आणि मध्ये नकल, म्हणजे चाकाचा हब ज्यावर बसतो तो भाग. आता बाजूनं बघा. वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून एक रेघ मारली तर ती सरळ उभी नसते, वरचं टोक मागे कललेलं असतं, सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखं. याला कॅस्टर म्हणतात. हा कॅस्टर आहे म्हणूनच गाडी सरळ पळते आणि वळणानंतर स्टिअरिंग परत येतं. गाडी उचलली की बहुतेक गाड्यांत हा कॅस्टर कमी होतो. वर सांगितलेली सगळी लक्षणं तिथून येतात.

दुसरा कॅम्बर, म्हणजे समोरून बघितल्यावर चाक वरून आत झुकलंय की बाहेर. तो बिघडला की टायर एकाच कडेनं झिजतो. तिसरा टो, वरून बघितल्यावर दोन्ही चाकांची तोंडं आत आहेत की बाहेर. टो टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांडीवर, सेट होतो, तो कुठलाही अलाइनमेंटवाला करून देतो, त्यासाठी आर्म लागत नाही.

याशिवाय अजून एक गोष्ट होते जी कागदावर दिसत नाही. गाडी उचलल्यावर कंपनीचा अप्पर आर्म कायमचा खाली कललेला राहतो, त्यामुळे बॉल जॉइंट त्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ काम करतो, आणि एखाद्या खड्ड्यात चाक पूर्ण खाली लटकलं की जॉइंटची दांडी कपाच्या कडेवर दाबली जाते. काही गाड्यांत आर्म स्प्रिंगला पण टेकतो. गाडी जॅकवर घेऊन चाक लटकवा आणि टॉर्च मारून बघा, आर्मवर किंवा स्प्रिंगवर चकचकीत घासल्याची खूण असेल तर विषय तिथंच मिटला, आर्म बदला.

चांगल्या आफ्टरमार्केट आर्ममध्ये बॉल जॉइंटचा कप लिफ्टच्या हिशोबानं तिरपा बसवलेला असतो, जॉइंट थोडा मागे घेतलेला असतो म्हणजे कॅस्टर परत मिळतो, आणि स्प्रिंगजवळ आर्मला वाकण दिलेलं असतं. एवढंच त्याचं काम. आर्म बदलल्यानं गाडी अजून उंच होत नाही. ड्राइव्ह शाफ्टचा वाढलेला कोन कमी होत नाही, त्यासाठी डिफरेन्शिअल खाली घेण्याचं वेगळं किट येतं. आणि टाय रॉडचे एन्ड ढिले असतील तर जगातले सगळ्यात भारी आर्म लावा, गाडी डुलणारच.

म्हणून खरेदीच्या आधी हे करा. चाक हवेत घ्या, घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलवा, खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. नऊ आणि तीनवर धरून हलवा, खेळ लागला तर टाय रॉड. हे फुकटात होतं, पाच मिनिटांत होतं, आणि कितीतरी लोकांचा प्रॉब्लेम इथंच सापडतो.

कागद कुठून आणायचा

विजयनगर असो, देवास नाका असो की एबी रोडवर कुठंही, थ्रीडी अलाइनमेंटची मशीन आता सगळीकडे आहे, पण बरेच जण फक्त टो करून गाडी सोडतात. जाण्याआधी फोनवर विचारा, भिया, कॅस्टर मोजोगे क्या, प्रिंट दोगे क्या? कॅस्टर मोजायला स्टिअरिंग दोन्ही बाजूला ठरावीक डिग्री फिरवावं लागतं आणि चाकांखाली फिरणाऱ्या प्लेट लागतात, जो माणूस हे न करता कॅस्टरचा आकडा सांगतो त्याच्याकडून निघा. मोठे टायर रॅम्पवर बसतात का हे पण विचारून घ्या.

प्रिंट मिळाली की दोन गोष्टी बघायच्या. पहिली, कॅस्टर कंपनीच्या रेंजमध्ये आहे का. दुसरी, डावं-उजवं यात फरक किती. गाडी नेहमी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक नको. आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात, आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी तशीही डावीकडे जायला बघते, म्हणून जाणकार अलाइनमेंटवाले डाव्या चाकाला उजव्यापेक्षा किंचित जास्त कॅस्टर देतात.

आता फॉर्च्युनरसारख्या गाडीत लोअर आर्मला कॅम बोल्ट असतात, ते फिरवून कॅस्टर-कॅम्बर थोडा परत आणता येतो. तेवढ्यानं आकडे जागेवर आले आणि आर्म कुठं घासत नसेल, तर माझं स्पष्ट मत, आर्म घेऊ नका, तो पैसा चांगल्या शॉकला लावा. मात्र कॅमनं कॅस्टर वाढवला की खालचा जॉइंट पुढे सरकतो, म्हणजे चाकही पुढे सरकतं, मग मोठा टायर पुढच्या लायनरला किंवा बंपरला घासायला लागतो. अप्पर आर्मनं कॅस्टर घेतला की चाक जवळपास जागेवरच राहतं. मोठे टायर असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून ठरवा.

जिम्नीवाल्यांचं गणित वेगळं आहे. तिला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल, अप्पर आर्म असा प्रकारच नाही. पुढे दोन लांब रेडियस आर्म आणि आडवा पॅनहार्ड रॉड. गाडी उचलली की अख्खा ॲक्सल थोडा फिरतो म्हणून कॅस्टर जातो, आणि पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो. तिथं कॅस्टर करेक्शनचे बुश (आर्मच्या सांध्यात बसणारे गोल तुकडे) किंवा बदललेल्या कोनाचे रेडियस आर्म, आणि जोडीला ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड. थारच्या मागच्या ॲक्सलला पण लिंक आहेत, पण दोन इंचापर्यंत त्यांना बहुतेक वेळा हात लावायची गरज पडत नाही. पुढचं सगळं डबल विशबोनबद्दल लिहितोय.

कोणते घ्यायचे

खरा निर्णय बुश आणि जॉइंटचा आहे, नळी कशी दिसते त्याचा नाही. बुश तीन प्रकारचे. रबर, ज्याचा आवाज नाही आणि देखभाल नाही. पॉलियुरेथेन, जो कडक असतो, जास्त टिकतो, पण त्याला ग्रीस लागतं आणि ग्रीस सुकलं की करकरतो. आणि हाइम जॉइंट, म्हणजे लोखंडात लोखंडी गोळा, रेसच्या गाडीला उत्तम. तसंच चाकाकडच्या टोकाला एकतर बूटवाला, म्हणजे रबरी टोपी घातलेला, बंद बॉल जॉइंट असतो किंवा उघडा युनिबॉल.

तुम्ही आपल्या भागात गाडी चालवता हे धरून चाला. उन्हाळ्यात पीठासारखी धूळ आणि पावसाळ्यात माळव्याची काळी माती. चोरलकडे किंवा जानापावच्या खालच्या शेतरस्त्यांवर जुलैत जाऊन आलात की बघा, ती माती आर्म आणि नकलच्या बेचक्यात ठासून बसते, दुसऱ्या दिवशी सुकून विटेसारखी होते आणि स्टिअरिंग फिरवलं की बूटच्या रबरावर घासत राहते. उघडा युनिबॉल या मातीत लवकर खडखडायला लागतो. म्हणून रोजची गाडी असेल तर रबर बुश आणि बूटवाला बंद बॉल जॉइंट, शक्यतो ग्रीस निपलवाला, हेच घ्या. कुणी कितीही समजावलं तरी.

घेताना अजून बघायचं ते असं. बॉल जॉइंट वेगळा बदलता येतो का आणि तो सुटा मिळतो का. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज अडकवायला आर्मवर जागा दिलीय का. बॉल जॉइंटचा टेपर, म्हणजे निमुळती दांडी, तुमच्याच मॉडेलच्या नकलला बसतो का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. वेल्ड सलग आणि एकसारखे आहेत का.

आणि एक कळकळीची विनंती. इथं असे लोक आहेत जे म्हणतात की ओरिजिनल आर्मच कापून, तुकडा टाकून, वेल्ड मारून देतो, कशाला एवढा खर्च. करू नका. कंपनीचा आर्म फोर्ज्ड असो की दाबलेल्या पत्र्याचा, वेल्डच्या उष्णतेनं त्या जागेची ताकद जाते, शेजारच्या बॉल जॉइंटचं ग्रीस आणि बूट जळतो तो वेगळाच. एका गॅरेजात असा आर्म मी हातात घेऊन पाहिलाय, वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग, तिच्यात काळी माती बसलेली म्हणून ती नजरेला आली, नाहीतर दिसलीही नसती. अप्पर आर्म तुटला की चाक वरून मोकळं होतं आणि गाडी तुमच्या हातात राहत नाही. मुलंबाळं बसतात गाडीत.

कायद्याचं पण दोन वाक्यांत सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीमधल्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ च्या निकालात हेच उचलून धरलंय. गाडी उचलण्याआधीच आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे विचारून घ्या, वॉरंटी चालू असेल तर शोरूमला पण.

खोलायला घेताना

हे काम एकट्यानं करू नका. पहिल्यांदा करत असाल तर चांगल्या मिस्त्रीकडून करून घ्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा, काय बघायचं ते खाली लिहितोय.

आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी गाडी सपाट फरशीवर, आणि जॅक लावायच्या आधी मेजर टेपनं चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. हा आकडा नंतर फार कामाचा आहे. मागच्या चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे, हँडब्रेक, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले, मग जॅक, आणि चेसिसखाली घोडी, म्हणजे जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही. दुसरा छोटा जॅक लोअर आर्मखाली हलका टेकवून ठेवा.

इथं एक धोक्याची गोष्ट. नवीन थार, फॉर्च्युनर यांच्यात शॉक आणि स्प्रिंग एकत्र आहेत, लोअर आर्मवर उभे, त्यामुळे अप्पर आर्म काढला तरी स्प्रिंग उडत नाही. पण जुन्या थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारे गज आहेत, त्यांचा ताण उतरवल्याशिवाय आर्मला हात लावू नका. आणि ज्या गाडीत स्प्रिंग शॉकपासून वेगळी बसते तिथं स्प्रिंग कम्प्रेसरशिवाय काम नाही. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जातो.

चाक काढलं की आधी एबीएसची वायर आणि होजची पट्टी आर्मवरून सोडवा, आणि नकलला एक पट्टा किंवा जाड तार बांधून चेसिसला ताणून ठेवा. वरचा जॉइंट सुटल्यावर नकल बाहेर पडते आणि तिचं सगळं वजन ब्रेक होजवर आणि ड्राइव्ह शाफ्टवर येतं.

मग बॉल जॉइंट. स्प्लिट पिन काढा, नट ढिला करा पण पूर्ण काढू नका, चार-पाच आटे राहू द्या. आता पुलर लावून दाब द्या. पुलर नसेल तर नकलच्या ज्या डोळ्यात टेपर बसतो त्याच्या बाजूवर हातोड्याचे दोन-तीन कडक ठोके द्या, टेपर ठण्णकन सुटतो, आणि नट आट्यावर असल्यामुळे काही खाली पडत नाही. जॉइंटच्या दांडीच्या टोकावर ठोकायचं नाही, आटे जातात.

आतल्या बाजूचे चेसिसकडचे बोल्ट काढताना वॉशर आणि शिम (पातळ चकत्या) कुठं किती होते त्याचा फोटो घ्या. काही गाड्यांत इथं एकच लांब बोल्ट असतो आणि तो बाहेर यायला जागा पुरत नाही, बॅटरी, लायनर, कधी एखादं ब्रॅकेट हलवावं लागतं, घाई करून पत्रा वाकवू नका.

बसवताना

जुना आणि नवा आर्म शेजारी शेजारी ठेवून बघा, डावा-उजवा नीट ओळखा, बऱ्याच आर्मवर खूण असते. चेसिसचे बोल्ट घाला पण फक्त हातानं, पक्के आवळायचे नाहीत. बॉल जॉइंटचा टेपर आणि नकलमधलं भोक स्वच्छ आणि कोरडं पुसा, तिथं ग्रीस लावायचं नाही. नट टॉर्क रेंचनंच (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) आवळा, आकडा आर्मच्या कंपनीच्या कागदावर असतो कारण जॉइंट त्यांचा आहे. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सोडून कधीच नाही. पिन नवीनच वापरा. जिथं नायलॉनवाला नट आहे तिथं नटही नवीन.

वायर आणि होज परत अडकवा, मग चाक न लावता लोअर आर्मखालच्या जॅकनं सस्पेन्शन वर-खाली करा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. होज ताणला जातोय का, वायर कुठं चिमटते का, आर्म स्प्रिंगला टेकतो का. दोघं जण असले की हे नीट होतं, एक फिरवतो, एक बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि गॅरेजात सगळ्यात जास्त चुकवलं जाणारं. रबर बुशमध्ये आत एक लोखंडी नळी, बाहेर एक नळी आणि मध्ये चिकटवलेलं रबर असतं. चेसिसचा बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पक्की होते आणि पुढचं सगळं हलणं त्या रबराच्या पिळातून होतं. गाडी हवेत, चाक लटकलेलं, अशात बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्याक्षणी रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो, उभ्या गाडीत सुद्धा. मग काही महिन्यांत बुश फाटतात आणि लोक म्हणतात माल खराब होता. म्हणून चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या, थोडी पुढे-मागे ढकला, बॉनेटवर दोन-चारदा दाब द्या, आणि मग बोल्ट टॉर्कला आवळा. चाक लावल्यावर पाना पोचत नसेल तर लोअर आर्मखाली जॅक लावून हब इतका वर घ्या की सकाळी लिहिलेलं फेंडरचं माप जुळेल, आणि तिथं आवळा. घोडीवरून गाडी उचलली जाणार नाही याकडे लक्ष ठेवून. मिस्त्री नट आवळायची गन घेऊन पुढे आला तर प्रेमानं थांबवा, शेवटचं आवळणं हातानं आणि टॉर्क रेंचनंच. झाल्यावर नट आणि ब्रॅकेटवर पेंटची एक सलग रेघ ओढा, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

त्यानंतर

सरळ अलाइनमेंटला. आधी कॅस्टर-कॅम्बर, शेवटी टो, हा क्रम उलटा केला तर टो परत बिघडतो. नवीन प्रिंट जुन्या प्रिंटशेजारी ठेवून बघा, कॅस्टर रेंजमध्ये आला, डावं-उजवं जुळलं, तर काम झालं. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर स्टिअरिंग अँगल सेन्सर रीसेट करून घ्या. हेडलाइट पण खाली करून घ्या, उचललेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि खंडवा रोडच्या घाटात रात्री हे फार वाईट.

पहिली चक्कर बायपासवर, मोकळ्या वेळी, सरळ. मग महूच्या पुढे जाम गेटच्या वळणांवर, तिथं स्टिअरिंग परत येतं की नाही ते स्वच्छ कळतं. चिखल पहिल्या दिवशी नको. दोन-तीनशे किलोमीटर झाले की सगळे नट परत टॉर्कला तपासा, पेंटच्या रेघा बघा. पुढे प्रत्येक सर्व्हिसला ग्रीस, आणि पावसाळ्यात चिखलातून आल्यावर त्याच दिवशी आर्म आणि बूट पाण्यानं धुवा, प्रेशर वॉशर बूटच्या अगदी जवळ धरू नका, पाणी आत घुसतं. बूटला चीर दिसली तर जॉइंट खडखडायची वाट बघू नका, तेव्हाच बदला.

जुने आर्म भंगारात देऊ नका. पुसून, हलकं तेल लावून, डावा-उजवा लिहून बोल्टसकट गोणीत बांधून ठेवा. गाडी विकताना किंवा परत कंपनीसारखी करायची वेळ आली तर लागतात, आणि नव्या आर्मचा बॉल जॉइंट मागवून यायला वेळ लागला तर तेवढे दिवस गाडी उभी राहत नाही. फक्त ते परत लावले की अलाइनमेंट पुन्हा करायची.